सभामंडपात मागे बसलेल्यांना शब्द दोनदा का ऐकू येतो?

प्रश्न: फोंड्याजवळच्या देवळात भजनी सप्ताह आहे. पुढच्या आणि मागच्या स्पीकरांत 21 मीटर अंतर. मागे अभंगाचे शब्द दुहेरी ऐकू येतात, टाळ तर 'छन-छन' असा फुटतो. आवाज कमी करून फरक पडत नाही. काय करावं?

उत्तर 1: दोष आवाजाच्या पातळीत नाही, वेळेत आहे. वायरीतून सिग्नल मागच्या स्पीकरला लगेच पोचतो, पण पुढच्या स्पीकरचा आवाज हवेतून येतो. 30 अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर, म्हणजे 21 मीटरला 60 मिलिसेकंद. बोलण्यातले साधारण 30-40 मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज मेंदू एकच मानतो, त्यापुढे प्रतिध्वनी ऐकू येतो. मागच्या स्पीकरला 60 अधिक 10, असा 70 मिलिसेकंद डिले (सिग्नल मुद्दाम उशिरा सोडणं) द्या. आधी पोचलेल्या आवाजावरून कान दिशा ठरवतो, त्यामुळे भजन गाभाऱ्याकडूनच आल्यासारखं वाटेल.

उत्तर 2: बरोबर. फक्त मागचा स्पीकर फार चढवू नका. तो पुढच्यापेक्षा 10 डेसिबलहून मोठा झाला की ही किमया मोडते. तपासायला माइकसमोर टाळाचा एकच ठोका द्या, मागच्या खांबाशी उभं राहून ऐका, डिले 5-5 मिलिसेकंदांनी सरकवा. घुमट या वाद्याने तपासू नका, त्याचा नाद लांबतो आणि दोन आवाज जुळले का ते कळत नाही.