अनुभव धागा : पडल्यापासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत (मुंबई)

अपघाताचा विषय निघाला की आपण हॉस्पिटलबद्दलच बोलतो. बेड मिळाला का, बिल किती झालं, डॉक्टर कसे होते. मला त्याच्या आधलं ऐकायचंय. माणूस रस्त्यावर किंवा रुळांवर पडला, मग त्याला कुणी उचललं, कसं उचललं, वाटेत काय केलं? जखम झाल्यानंतरचा पहिला तास हा 'गोल्डन अवर', असं मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने लिहूनच ठेवलंय. मुंबईत तो तास कुठे जातो ते सांगा. तक्रार असेल तर हॉस्पिटलचं नाव नको, पुढे नुसती भांडणं होतात.

कुर्लेकरीण
माझा धाकटा दीर संध्याकाळच्या गर्दीत कुर्ला-विद्याविहारच्या मधे लोकलमधून पडला. उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जिवानिशी जातात, हे पेपरात वाचतो आणि पान उलटतो. स्टेशनवरून हमाल स्ट्रेचर घेऊन खडीतून चालत गेले. पाय गुडघ्याखाली चेंदलेला, रक्त थांबेना. एका हमालाने खांद्यावरचा गमछा काढून मांडीला करकचून आवळला आणि गाठीत काठी घालून पिळला. हे त्याला कुणी शिकवलं, देव जाणे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर काही स्टेशनांवर इमर्जन्सी मेडिकल रूम झाल्या, तशा एका रूममध्ये सलाइन लागलं, पाय फळीला बांधला, मेमो म्हणजे अपघाताची लेखी नोंद झाली आणि शीवच्या हॉस्पिटलात रवानगी. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "हे किती वाजता बांधलं?" सोबतच्या पोलिसाला माहीत नाही, आम्हाला तर नाहीच. हमाल मागेच राहिलेला. दीर वाचला, पाय मात्र गेला.

रात्रपाळी
वरच्या प्रतिसादावर लिहितो. मी पालिकेच्या एका हॉस्पिटलात सर्जरीचा रेसिडेंट होतो. तो प्रश्न उगाच नसतो. पट्टा आवळून दोन तास उलटले की खालचे स्नायू मरायला लागतात, पुढचं सगळं त्यावर ठरतं. पेनाने कपाळावर नाहीतर हातावर वेळ लिहून टाका, बास. पण त्या हमालाने दीर वाचवला, त्याचं श्रेय त्याला.

आमच्या दारात जखमी कसे यायचे ते सांगतो. टॅक्सीच्या मागच्या सीटवर बेशुद्ध माणूस बसवलेला, मान पुढे लोंबतेय, जीभ मागे पडून घशात घरघर. डोक्याला मार म्हणून सगळे डोकं धरून बसलेले, श्वासाकडे कुणाचं लक्ष नाही. नुसतं कुशीवर वळवून, मान आणि पाठ एका रेषेत धरून आणलं असतं तरी चाललं असतं. दुसरं दुखणं ट्रान्सफरचं. छोट्या हॉस्पिटलातून पेशंट निघतो, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर 'फॉर फर्दर मॅनेजमेंट', म्हणजे पुढच्या उपचारांसाठी. नाडी किती होती, सलाइनच्या किती बाटल्या गेल्या, काही नाही. निघताना एक फोन केला तर आम्ही रक्तपेढीतून रक्त काढून ठेवू शकतो. तो फोन क्वचित यायचा. अ‍ॅम्ब्युलन्स किती मिनिटांत आली हे सगळे मोजतात, आत काय झालं ते कोण मोजतंय?

घाटकोपर पूर्व
भाऊ बाइकवरून घसरला, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं तर काउंटरवर म्हणे, पोलीस केस आहे, सरकारीत न्या. कुणी हातसुद्धा लावला नाही. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आधी जीव, मग कागद. काउंटरवरच्या माणसाला हे कोण सांगणार!

माहीमचा
माझे वडील टॅक्सी चालवायचे. जखमीला घेतलं की पोलीस चौकीत दिवस मोडायचा, सीट धुवावी लागायची ती वेगळीच. तरी घ्यायचे. आता मोटार वाहन कायद्यात 134 ए कलम आहे, मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. पण स्टँडवर विचारून बघा, किती जणांना ठाऊक आहे.

विक्रोळी टागोरनगर
चांगलं पण लिहा की राव! 108 ला फोन केला, गाडीत डॉक्टर होते. काकांच्या मानेला कॉलर, ऑक्सिजन, सगळं तिथल्या तिथे.

माहीमचा
आली तर उत्तमच. नाही आली तर? 11 जुलै 2006 ला, लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा, आमच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून जखमी उचलले. तेव्हा कॉलरची वाट बघत बसलो असतो तर? @रात्रपाळी, थांबायचं की उचलायचं?

रात्रपाळी
रक्त वाहत असेल तर आधी दाबून धरा, फडक्याने, हाताने, जे असेल त्याने. दाब सोडून सारखं वाकून बघू नका. श्वास चालू आहे, रक्त आटोक्यात आहे आणि गाडी निघालीय म्हणतायत, तर थांबा. यातलं एक जरी नसेल तर उचला, पण चौघांनी मिळून आणि आडवं. चादर चालते, तेव्हाही तेच बरोबर होतं. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागलं तर भूल देताना गोची होते.

घाटकोपर पूर्व
एक राहिलं. हायवेवरून फोन करताना दिशा सांगा, ठाण्याकडे जाणारी लेन की शीवकडे येणारी. आमची अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्या लेनवर येऊन उभी राहिली, आणि मधे डिव्हायडर.