भाताची प्रत तपासण्यासाठी निकट-अवरक्त यंत्र घ्यावे का?

प्रश्न (शिराळा, जि. सांगली)

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाची छोटी भातगिरणी असून तिथे धूळवाफ पेरणीचे (पावसाआधी कोरड्या रानात पेरलेले) आणि लावणीचे असे दोन्ही भात येते. त्यात इंद्रायणी बरेच असते. एका विक्रेत्याने निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांवर चालणारे यंत्र दाखवले. मूठभर दाणे टाकले की ओल, प्रथिने, अमायलोज (पिष्टाचा एक घटक) आणि सुवाससुद्धा मिनिटभरात कळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. या आकड्यांवर भाव ठरवला तर एखाद्या शेतकऱ्यावर अन्याय तर होणार नाही ना, ही माझी खरी काळजी आहे.

उत्तर १ (सातारा)

मी धान्य तपासणीचे काम करतो. साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर लांबीच्या या लहरी पाणी, प्रथिने आणि पिष्ट यांच्या रेणूंतील बंध कमीअधिक शोषून घेतात. पाण्याचे शोषणाचे ठळक पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास येतात. बाकी घटकांचे पट्टे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतून आकडा काढायला गणिती समीकरण लागते, आणि ते समीकरण आधी रासायनिक पद्धतीने तपासलेल्या नमुन्यांवरूनच बसवलेले असते. त्या नमुन्यांत आपल्याकडचे भात नसेल, तर यंत्र आकडा ठामपणे दाखवील, पण तो चुकलेला असू शकेल.

ओल आणि प्रथिने यांवर, अंशांकन (म्हणजे हे समीकरण बसवणे) नीट असल्यास, भरवसा ठेवता येतो. कॅनडात गव्हाची प्रथिने १९७० च्या दशकापासून याच तंत्राने मोजली जात आहेत. अमायलोजचे तसे नाही. शिजलेला भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी अमायलोजवर ठरते. मात्र अमायलोज आणि पिष्टाचा दुसरा घटक अमायलोपेक्टिन दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असल्याने त्यांच्यातला फरक वर्णपटात, म्हणजे यंत्राने टिपलेल्या शोषणाच्या आलेखात, फार क्षीण उमटतो. त्यामुळे हा आकडा ढोबळ वर्गवारीपुरताच वापरावा. सुवासाचा दावा मला अजिबात पटत नाही. आंबेमोहोर किंवा बासमतीच्या वासामागचे मुख्य संयुग किलोभर तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसते; इतके थोडे हे यंत्र कसे पकडणार?

उत्तर २ (पाटण, जि. सातारा)

आमच्या गिरणीत असे यंत्र दोन हंगाम वापरले. सकाळच्या गारठ्यात बाहेर ठेवलेले भात लगेच तपासले की ओलीचा आकडा दुपारच्या आकड्याशी जुळत नसे, म्हणून आम्ही नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरच घालू लागलो. कणी किती पडेल, हेही आमच्या यंत्रावर कळत नव्हते. त्यासाठी थोडे भात भरडून, पॉलिश करून, अख्खे दाणे आणि तुकडा वेगवेगळे वजन करण्याला पर्याय नाही, आणि गिऱ्हाईक तर भाव अख्ख्या दाण्यालाच देते.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. तपासणी भाताची करावी की तांदळाची?

उत्तर १ (सातारा)

तुसात सिलिका आणि तंतू भरपूर असल्याने आतल्या दाण्याचा संकेत झाकोळतो, तेव्हा प्रथिनांसाठी भरडलेला किंवा पॉलिश केलेला तांदूळच घ्या. मात्र अंशांकनही त्याच अवस्थेतील दाण्यांचे असले पाहिजे. विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील, निरनिराळ्या गावांचे तीसेक नमुने यंत्रावर तपासून घ्या. तेच नमुने प्रयोगशाळेत ओलीसाठी भट्टीत वाळवून आणि प्रथिनांसाठी केल्डाल पद्धतीने (नायट्रोजन मोजून प्रथिने काढण्याची रासायनिक पद्धत) तपासा, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून शेतकऱ्यांच्या बैठकीत दाखवा.