मदत हवी आहे: हिशेब शिकवणाऱ्या बाई आणि बचत गटाचा सत्कार कसा करावा?

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यातलं आमचं छोटं गाव, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. मी तिथलाच माजी विद्यार्थी, सध्या पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या गणिताच्या बाईंचा आणि गावातल्या एका महिला बचत गटाचा सत्कार करायचं ठरलंय. कसा करावा, यावर बैठकीत एकमत होईना, म्हणून इथे विचारतोय.

आधी काम सांगतो. बाईंनी सहा वर्षांपूर्वी वर्गात मुलांची बँक सुरू केली. शनिवारी मुलं दोन-पाच रुपये भरतात, पोरंच कॅशियर आणि पोरंच तपासनीस. वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. याच वह्या बघून गटातल्या बायका बाईंकडे व्याज शिकायला येऊ लागल्या.

गेल्या वर्षीची गोष्ट. गावात कर्जवाला एजंट आला. "बारा टक्के, तुमच्या गटाएवढंच," म्हणाला. गटाचा दर महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला बाराच, त्यामुळे आठ-दहा जणी तयार झाल्या. सहावीतल्या एका पोरीनं आईला ओट्यावर खडूनं मांडून दाखवलं: दहा हजार घेतले, बारा हप्त्यांत फेडले. गटात दर महिन्याला मुद्दल कमी होतं तसं व्याजही उतरतं, वर्षाचं होतं 650 रुपये. एजंट मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण दहा हजारांवर व्याज लावणार, म्हणजे 1,200. आई तो ओटा तसाच ठेवून अध्यक्ष अक्कांना बोलवायला गेली. कुणीच कर्ज घेतलं नाही. मी तो खडूचा हिशेब स्वतः पाहिलाय, अजून अंगावर काटा येतो. माझ्या वडिलांना असं कुणी मांडून दाखवलं असतं तर दामदुपटीच्या एका योजनेत आमचे बैल विकलेले पैसे बुडाले नसते.

आमच्या भागाला हे नवीन नाही. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला होता, कारण अर्ज करणाऱ्या कित्येक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, आणि 1997 मध्ये बँक उभी राहिली. बाई मुलांना हे दरवर्षी सांगतात.

आता अडचण. वर्गणी जमलीये 15,000. काहींचं म्हणणं शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मोठा पाहुणा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं राहू द्या, पोरांची खाती उघडून द्या." दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्येच बँकांना दिलीये. पण तालुक्यातल्या एका शाखेनं बाईंना दोनदा परत पाठवलं. मला वाटतं, खाती उघडली जाणं हाच त्यांचा सत्कार. कार्यक्रमातच मुलांच्या हातात पासबुकं पडावीत, अशी माझी इच्छा आहे.

तर जाणकारांनी सांगावं:

जिल्ह्याच्या अग्रणी बँकेतल्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम जुळवणारी बँक) आर्थिक साक्षरता समुपदेशकांना पाहुणे म्हणून बोलवलं तर खात्यांचं काम मार्गी लागेल का? कुणी असं केलंय का? गरज पडली तर कार्यक्रम फेब्रुवारीत, रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरता सप्ताहात न्यायचीही तयारी आहे.

राज्य शिक्षक पुरस्काराच्या प्रस्तावात असं काम कसं मांडतात? फोटो आमच्याकडे जेमतेम चार आहेत, पण सहा वर्षांच्या वह्या जपून ठेवल्यात.

आणि गटाचं काय करावं? बारा जणी आहेत. मानपत्रावर फक्त अध्यक्ष-सचिवांची नावं घालावीत असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. त्यातल्या तिघी तर सही शिकल्याच या वह्यांवर. बाराही नावं घालून खाली प्रत्येकीची सही घेतली तर कसं दिसेल?

पुढची बैठक रविवारी आहे. त्याआधी कुणाचा अनुभव कळला तर फार बरं होईल.