योकुट्स टोपली: टाके सैल का पडतात?

प्रश्न: कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या योकुट्स या मूलनिवासी लोकांच्या पद्धतीने वेटोळी टोपली (गवताची जुडी गोल गोल फिरवून टाक्यांनी शिवलेली) विणतेय. वाळल्यावर टाके ढिले होतात. आणि काळी नक्षी कशाने करतात? नक्षीचा अर्थ काय, कोणती टोपली कशासाठी?

उत्तर: टाके घालायची पट्टी कच्ची असणार. सेजचं (लव्हाळ्यासारख्या गवताचं) मूळ चिरून, साल काढून आधी पूर्ण वाळवायचं. शिवताना तेवढंच भिजवायचं. ताजं मूळ नंतर आकसतं, मग टाका सुटणारच. आतली डीअरग्रास या गवताची जुडी सारख्या जाडीची ठेवा, एकेक काडी सरकवत. भोक हाडाच्या आरीने.

उत्तर: काळ्यासाठी ब्रॅकन नेच्याचं मूळ चिखलात मुरवतात. तांबडं हवं तर रेडबड या झुडपाची फांदी सालीसकट.

उत्तर: नक्षीतली चौकट आकारांची रांग म्हणजे रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळवणारा विषारी साप. अरुंद गळ्याच्या टोपलीच्या खांद्यावर क्वेल या लावरीसारख्या पक्ष्याचे तुरे खोवतात. ती समारंभाची, स्वयंपाकाची नव्हे. मोठं सपाट ताट मात्र बायकांच्या फाशांच्या खेळाचं. फासे? अर्ध्या अक्रोडाच्या कवचात डांबर भरून.