मुलाला उचलून कॅज्युअल्टीत धावलात तो दिवस

परळला लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत मी सिस्टर आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे पोरांची रीघ लागते. केसपेपरवर ‘घरी पडला’, ‘चहा सांडला’ एवढंच येतं. खरं काय झालं ते आईबाप निघताना दारात उभे राहून सांगतात. ते इथे लिहा. चूक कोणाची हे मात्र कोणी काढायचं नाही.

चाळकरीण, गिरगाव
सासूबाई सकाळचा चहा खाली बसून घेतात. अकरा महिन्यांची लेक रांगत आली आणि कप अंगावर ओढून घेतला. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या, कोणी हळद आणली. चाळीत सल्ल्यांना तोटा नाही! दिरांनी मात्र कोणाचं न ऐकता तिला मोरीत नेऊन भाजलेली छाती नळाखाली धरली. तेव्हा पाणी येत होतं, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, बरोबर केलंत. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बाकी अंग कोरडं आणि पांघरलेलं. बर्फ नाही, पेस्ट नाही. पुसटसा डाग आहे अजून. आता सगळे चहा ओट्याशी उभ्यानेच पितो, सासूबाईसुद्धा.

स्लो लोकल
लोकल सुटत होती, तीन वर्षांच्या पोराला मनगटाला धरून वर ओढला. झालं, हात लुळा. मी रडकुंडीला. डॉक्टरांनी तळवा फिरवत कोपर वाकवलं, टक् झालं, आणि थोड्या वेळाने त्याच हाताने साहेब बिस्कीट मागत होते. आता काखेत धरूनच उचलतो.

कांदिवलीचा बाबा
हे लिहायला नको वाटतं, तरी लिहितो. लोकलमध्ये घेतलेलं दिवे लागणारं खेळणं. त्याचं झाकण निघालं, मुलगी दीड वर्षाची, लाळ गाळायला लागली. आम्हाला वाटलं दात येताहेत. एक्स-रेत गोल दिसलं. मी म्हटलं नाणं असेल, पडेल शी वाटे. डॉक्टरांनी कडेची दुहेरी रेघ दाखवली: बटण बॅटरी. रात्रीच दुर्बिणीने काढली. त्यानंतर कित्येक आठवडे नळीने दूध.

सिस्टर
बाबा, लिहिलंत ते फार बरं केलंत. अन्ननलिकेत अडकलेली ती बॅटरी दोन तासांत आतून जाळू लागते. उलटी काढू नका. मूल एक वर्षाच्या वर असेल आणि गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या. मध देत घरी बसायचं मात्र नाही.

चौदावा मजला
आमचा सोफा खिडकीला चिकटून. चार वर्षांचा पठ्ठ्या त्यावर चढून जाळीवर रेलला होता. बायको ओरडली, तो दचकून आत पडला. हनुवटीला तीन टाके. ती जाळी कबुतरांसाठी आहे, पोरांसाठी नाही, हे तोवर कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ग्रिल त्याच आठवड्यात बसवलं.

आजोबा
आमची पोरं अशीच वाढली. एवढं काही झालं नाही.

सिस्टर
आजोबा, तुमच्या वेळी घरात एवढ्या बॅटऱ्या कुठे होत्या? बरं, चिक्कीचं कोणीतरी खासगीत विचारलंय. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत जातो. कुटाचा लाडू चालेल.