कडप्पा ठीक, पण गुट्टे किती दबतात?

रेकॉर्ड प्लेयरला पावलांचे धक्के लागू नयेत म्हणून तो जड कडप्प्यावर ठेवा आणि कडप्प्याखाली रबरी गुट्टे द्या, नाहीतर तो भिंतीवरच्या फळीवर ठेवा, असा सल्ला एकाने दिलाय. त्यातलं गुट्टे ठेवले की काम झालं, हे म्हणणं अर्धंच पटलं. कडप्पा हवाच, पण वजनाखाली गुट्टा किती दबतो ते आधी पट्टीने मोजा. १ मिमी दबणाऱ्या आधाराची नैसर्गिक वारंवारता (म्हणजे धक्का दिल्यावर तो आपोआप सेकंदाला किती वेळा हलतो) सुमारे १६ हर्ट्झ येते (रबराची प्रत्यक्षात आणखी वर), १० मिमी दबणाऱ्या स्प्रिंगची ५. कंपनं अडायला लागतात ती या आकड्याच्या १.४ पटीपुढे, त्याखाली आधार ती अडवत नाही, उलट स्वतःच्या वारंवारतेजवळ वाढवतो. प्लेयरच्या सुई धरणाऱ्या आर्म-कार्ट्रिजचा अनुनाद (म्हणजे ते सर्वाधिक हलतं ती वारंवारता) साधारण ८ ते १२ हर्ट्झला असतो, म्हणजे पावलांच्या धक्क्यांसाठी कडक रबर निरुपयोगीच. मी कडप्प्याखाली स्प्रिंगाच वापरतो.

भिंतीवरच्या फळीचा सल्ला मात्र फार चांगला. फक्त आपल्या नागपुरात एक बघा: ज्या खिडकीत डेझर्ट कूलर बसतो, ती भिंत टाळा. मिनिटाला १४०० फेऱ्यांची मोटर म्हणजे सुमारे २३ हर्ट्झ, आणि उन्हाळाभर ती थरथर चौकटीतून थेट फळीत उतरते. आमच्याकडे फळी समोरच्या भिंतीवर नेली आणि स्पीकरमधली घरघर पार गेली.