शब्दचर्चा: कंडक्टिव्हिटी, परमिटिव्हिटी आणि ‘विद्युतचित्रण’

कृष्णाकाठ, सांगली:
मिरजेत एका व्याख्यानासाठी मराठी टिपण करतोय. विषय ‘इलेक्ट्रिकल प्रॉपर्टीज टोमोग्राफी’, म्हणजे एमआरआयवरून ऊतींची (टिश्यूंची) कंडक्टिव्हिटी (त्यांतून वीज किती सहज वाहते) आणि परमिटिव्हिटी काढणे. नाव ‘विद्युतचित्रण’ ठेवलं तर? ‘चालकता’ बरोबर आहे ना?

वाईकर:
‘चालकता’ हिंदी. आपल्याकडे एसटीत चालक गाडी हाकतो आणि तिकिटं देतो तो वाहक! कंडक्टर म्हणजे वाहकच, तेव्हा ‘विद्युतवाहकता’. सुवाहक-दुर्वाहक तर शाळेतच शिकलोय. एकदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘वाहकता’ पुरे.

‘विद्युतचित्रण’ मात्र नको. ऐकणाऱ्याला वाटेल अंगाला वायरी लावून वीज सोडतात. इथे इलेक्ट्रोड नसतातच. एमआरआयचं यंत्र एरवीही रेडिओलहरी सोडतं (3 टेस्लाच्या यंत्रात साधारण 128 मेगाहर्ट्झच्या). शरीरातून जाताना त्यांचा जोर आणि कला (फेज, म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकली ते) बदलते. त्या बदलावरून गणिताने उलटं मागे जायचं. ‘ऊतींच्या विद्युत गुणधर्मांचे चित्रण’ म्हणा, लांब झालं तरी चालेल.

दंडोबा:
प्रवाह सोडणारी पद्धतही आहे बरं का. एमआर-ईआयटीमध्ये इलेक्ट्रोड लावून अगदी कमी वारंवारतेचा थोडा प्रवाह खरंच देतात. दोन्हींना एकच नाव दिलंत तर घोळ होईल.

कृष्णाकाठ, सांगली:
हे ध्यानात नव्हतं आलं. आणि परमिटिव्हिटी? ती ज्यांच्या संदर्भात येते त्या डायइलेक्ट्रिकला (वीज न वाहणाऱ्या पदार्थाला) विश्वकोशात ‘विद्युत् अपारक’ दिसतं.

वाईकर:
विश्वकोश आमच्या वाईचा, तरी सांगतो, त्यावरून बेतलेला शब्द सभेत कुणाला कळणार नाही. ‘परमिटिव्हिटी’च ठेवा आणि एक ओळ द्या: विद्युतक्षेत्रात ठेवल्यावर ऊतीतले प्रभार किती सरकतात, पाण्यासारखे ध्रुवीय रेणू किती वळतात, याचं माप. तेच ‘ऊतक’चं. विश्वकोशात ‘ऊतक’, शाळेच्या पुस्तकात ‘ऊती’. तुम्ही ‘ऊती’ घ्या.

दंडोबा:
आकडे द्याच, शब्द आपोआप कळतो. 128 मेगाहर्ट्झला चरबीची वाहकता जेमतेम 0.04 सीमेन्स प्रति मीटर, स्नायूची 0.7 च्या आसपास, मेंदूभोवतीच्या द्रवाची 2 च्या वर. पाणी आणि सोडियमसारखे आयन जिथे जास्त, तिथे वाहकता जास्त. काही गाठींत ती भोवतालच्या ऊतीपेक्षा वाढलेली दिसते, म्हणून तर हा खटाटोप.

एक हरकत: ‘वाहकतेचे मापन’ लिहू नका. मोजतात ते रेडिओलहरींचं क्षेत्र. वाहकता त्यावरून काढतात. नेहमीच्या रीतीत त्या क्षेत्राचं दोनदा अवकलन (डिफरन्सिएशन, म्हणजे जागोजागी ते किती बदलतं ते काढणं) करावं लागतं, त्यात चित्रातली खरखर भलतीच वाढते. दोन ऊती जिथे भेटतात तिथे तर उत्तर हमखास बिघडतं, कारण सूत्र धरून चालतं की आजूबाजूला सगळं एकसारखं आहे.

कृष्णाकाठ, सांगली:
मग ‘वाहकतेचे अनुमान’?

दंडोबा:
‘अनुमान’ म्हटलं की अंदाजपंचे वाटतं. ‘गणन’ लिहा.